कुणाच्या तोंडी?

आमच्या डब्लिनच्या टेकड्या ऑगस्टात पिवळ्याधमक असतात. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्याचा, हिरवळही तेव्हाचीच. बऱ्याच वर्षांपूर्वी मैत्रिणीनं श्रावणाचं गाणं मागितलं, तेव्हा खिडकीतून त्या वाळक्या टेकड्या बघतच मी पहिली ओळ लिहिली. मग पाळणे झाले, मंगळागौरीची गाणी झाली, लेझीम झाली, कॉलेजच्या पोरांसाठी एक रॅपसुद्धा झालं. मंगलाष्टकं तर किती! त्यांच्या शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला अक्षरं 19, बाराव्यावर यती. जावई अमेरिकन असला की त्याचं नाव त्या लघुगुरूंत बसवायला दोन-दोन रात्री जातात.

इतकं वेगवेगळं कसं जमतं, असं कुणी विचारलं की मला शांता शेळके आठवतात. संस्कृत-मराठी शिकलेल्या प्राध्यापक बाई. त्यांनी मेघदूत मराठीत आणलं, जपानी हायकू आणले. 'मराठा तितुका मेळवावा' (1964) या चित्रपटासाठी लावणी लिहिली, 'हे बंध रेशमाचे'ची नाट्यपदं लिहिली, कोळीगीतं लिहिली. काही गाणी तर 'डॉ. वसंत अवसरे' या नावानं. माझ्या मते त्यांचं सगळं कसब कानात होतं. गाणं कुणाच्या तोंडी आहे, हे त्या आधी ऐकत. होडी हाकणाऱ्याला वल्ह्याच्या दोन हेलकाव्यांत जेवढं बोलता येईल तेवढीच त्याची ओळ. नाट्यपद गाणाऱ्याला मात्र एकेका शब्दावर थांबायला जागा हवी.

हे मला कळलं ते एका तालमीत. मराठी शाळेच्या मुलांसाठी कोळीगीत करायचं होतं. चाल आधी आली, संगीतकारानं 'तनाना' करत फोनवर पाठवलेली. ओळीच्या शेवटी वरचा सा, चार मात्रा लांबवलेला. तिथं मी मोठ्या हौसेनं 'समिंदर' ठेवला. आठ वर्षांची मुलगी गायला लागली आणि 'र'वर येऊन अडकली. व्यंजनावर सूर लांबवणार कसा? कागदावर शब्द देखणा होता, तिच्या गळ्यात तो दार लावून बसला. मी तिथल्या तिथं 'किनारा' केलं. शेवटचा 'आ' मिळाला, आवाज मोकळा सुटला.

त्याच गाण्यात 'जाळं' होतं. पोरं 'जालं' म्हणायची. शब्दच बदला, असं एकानं सुचवलं. मी ऐकलं नाही. जाळ्याशिवाय कोळी कसला? उलट पुढच्या कडव्यात 'मासळी' घातली, 'ळ' बरोबर ठेक्यावर पडेल अशी. तिसऱ्या तालमीला त्याच मुलीनं जीभ मागे वळवली आणि 'जाळं' म्हटलं, अगदी स्वच्छ. आईबरोबर गाडीकडे जाताना तिचं चालूच होतं: जाळं, जाळं, जाळं.