पाणी ढवळण्याचें प्रमाण

पावसाळ्यांतील गढूळ पाण्यांत तुरटी फिरविण्याची रीत आपल्याकडे घरोघर जुनी आहे. परंतु पाणी किती वेळ व किती जोरानें ढवळावें, यासहि शास्त्र आहे, हें फार थोडे जण ध्यानांत घेतात.

गढूळपणा म्हणजे मातीचे अतिसूक्ष्म कण. त्यांवर बहुधा ऋण विद्युद्भार असल्यामुळें ते परस्परांस दूर लोटतात व लौकर तळाशीं बसत नाहींत. तुरटीनें हा दुरावा सरतो. मग पाणी हळूहळू ढवळलें कीं कणास कण भेटतो, चिकटतो, आणि कापसासारखे पुंजके होऊन खालीं बसतात. मात्र तेंच ढवळणें जोराचें झालें, कीं जुळलेलें पुन्हा तुटूं लागतें!

याचें कारण भोवऱ्यांत आहे. क्षुब्ध प्रवाहांत मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांतून आणखी लहान. शेवटीं पाण्याच्या चिकटपणामुळें त्यांची शक्ति उष्णतारूपानें विरते. सर्वांत बारीक भोवरा केवढा, याचें गणित रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनीं १९४१ सालीं मांडलें. पुंजक्याहून फार मोठा भोवरा त्यास सबंध उचलून नेतो. परंतु एका अंगाचें पाणी वेगानें व दुसऱ्या अंगाचें सावकाश वाहूं लागलें, म्हणजे पुंजका ताणला जातो. त्याच्या कडा झिजतात किंवा तो मधोमध दुभंगतो. ढवळणें जितकें जोरदार, तितके भोवरे बारीक व ही ओढ तीव्र. मोठा पुंजका विसविशीत, म्हणून आधीं तोच मोडतो.

जलशुद्धीकरण केंद्रांत याच कारणास्तव तुरटी मिसळतांना पाणी थोडा वेळच वेगानें ढवळतात, व पुढें सुमारें २० ते ३० मिनिटें मंद गतीनें.

आमच्या घरीं अकरा माणसें, त्यांत एक तान्हें बाळ, आणि पाणी विहिरीचें. नातू म्हणे, "आजोबा, जोरानें फिरविलें तर लौकर निवळेल ना?" मीं त्याच्यापुढें दोन पेले ठेविले; पाणी तेंच, तुरटी तितकीच. एकांत त्यानें चमचा सावकाश फिरविला, दुसऱ्यांत गरगरा. अर्ध्या तासानें पहिल्याच्या तळाशीं मातीचा थर दिसला. दुसरा गढूळच होता. तुरटीचे मोडलेले पुंजके पुन्हा पूर्वीइतके मोठे सहसा होत नाहींत.

हा केवळ खेळ नव्हे. गढूळ कणांच्या आडोशास जंतु दडतात व क्लोरीनपासून बचावतात. तुरटीनें जंतु मरतात असेंहि कोणीं समजूं नये. निवळलेलें पाणी गाळून व उकळूनच मुलांस द्यावें.