५-३

माझ्या वडिलांची एक शंभरपानी वही होती. मुंबईत कसोटी सामना असला की पुण्यातल्या आमच्या सदाशिव पेठेच्या दोन खोल्यांत सकाळपासून रेडिओ लागायचा. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन सुरू झालं की वडील मांडीवर वही घेऊन बसायचे आणि टोक केलेल्या पेन्सिलीने एकेक चेंडू टिपायचे. आकडे सगळे देवनागरीत. आपले गडी भराभर बाद होऊ लागले की आता वही मिटतील, असं मला वाटायचं. पण वही मिटायची नाही. हरताना त्यांचं अक्षर उलट जास्त रेखीव व्हायचं. संध्याकाळी वाड्याच्या ओट्यावर चौघे जमून निवड समितीला बोल लावू लागले की वडील वही उघडायचे, "हे बघा, मग बोला" म्हणायचे आणि पुढचा तासभर स्वतःच तावातावाने बोलायचे.

१९९९ साली लग्न होऊन मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला आले. नवऱ्याच्या व्हिसावर आले होते, त्यामुळे नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवस संपता संपत नसे. स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओवर एका संध्याकाळी एक भरदार आवाज लागला. शब्द कळत होते, खेळ कळत नव्हता. आवाज बिल किंग यांचा होता आणि संघ होता ओकलंड अॅथलेटिक्स, लोकांच्या तोंडी नुसता 'एज'. पोळ्या लाटता लाटता मी ऐकत राहिले. खेळ कुठलाही असो, समालोचकाचा श्वास चढला की ऐकणाऱ्याचाही चढतो. आठवडाभरात मी दुकानातून एक वही आणली.

बेसबॉलची नोंद कशी ठेवतात हे मला नानांनी शिकवलं. त्यांचं नाव वेगळं होतं आणि स्टेडियममध्ये मी त्यांना त्याच नावाने हाक मारत असे. घरी मात्र आम्ही त्यांना नानाच म्हणत आलो. शहर बस चालवून निवृत्त झालेले, ओकलंडमध्येच वाढलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. उजव्या आउटफिल्डमागच्या स्वस्त बाकांवर, जिथे ढोल वाजत आणि झेंडे फिरत, तिथे त्यांची जागा ठरलेली. फ्रीमॉंटहून बार्टच्या गाडीत बसलं की सहावं स्टेशन कोलिझियम. तिथून पूल ओलांडला की थेट त्याच नावाचं स्टेडियम.

नऊ खेळाडूंच्या नऊ जागा आणि त्यांचे नऊ आकडे. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, शॉर्टस्टॉप ६, मागचे तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्यावर गेला आणि दोघे बाद झाले, तर नोंद ६-४-३. बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी 'के'. बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तोच 'के' उलटा लिहायचा. माझी वही बघून नाना थबकले. "हे कुठले आकडे?" माझ्या हाताला वडिलांच्याच सवयीचं वळण होतं. मी त्यांना देवनागरी आकडे शिकवले. २ आणि ३ त्यांना लगेच आले, ६ आणि ९ ची गल्लत बरेच दिवस चालली आणि ५ काही केल्या वळणावर येईना.

आमच्या बाकांवर वादाला तीन विषय कायमचे होते: खेळाडू, मालक आणि स्टेडियम.

खेळाडूंचा वाद म्हणजे गेलेल्यांचा वाद. २००१ च्या हंगामानंतर जेसन जिआम्बी, जॉनी डेमन आणि जेसन इझरिंगहाउझन एकदम गेले. संघाचे जनरल मॅनेजर बिली बीन यांच्या हातात पैसा कमी आणि हिशेब जास्त. इतरांनी टाकून दिलेले खेळाडू हेरून त्यांनी संघ उभा केला. ४ सप्टेंबर २००२ ला मी स्वयंपाकघरातच होते, मुलगा कडेवर. सलग विसाव्या विजयासाठीचा सामना, ११-० अशी आघाडी, आणि कॅन्सस सिटीने बघता बघता ११-११ केलं. शेवटी स्कॉट हॅटबर्गचा होमरन. हा कॅचर होता. कोपराला इजा झाल्यावर त्याला पहिल्या बेसवर उभं केलं होतं. त्या पानावर माझी पेन्सिल मोडल्याची खूण अजून आहे.

त्यानंतरच्या सामन्याला मी मोठ्या आनंदात गेले, तर नाना शांत. "हे शहाणपण आहे, मान्य," ते म्हणाले. "पण शहाणपणाने मिळवलेलं माणूस टिकवायचं नाही, असं कुठे लिहिलंय?" त्यांचं म्हणणं मला पुढे पटत गेलं. टिम हडसन आणि मार्क मुल्डर गेले, २०१४ च्या अखेरीस जॉश डोनाल्डसन गेला आणि पुढच्याच वर्षी टोरांटोकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मुलं ज्याच्या नावाचा शर्ट मागत, तो शर्ट घ्यावा की नाही, हा आयांना प्रश्न पडे.

स्टेडियमचा वाद अधिक गुंतागुंतीचा. १९६६ साली उघडलेल्या कोलिझियममधून पूर्वी ओकलंडच्या टेकड्या दिसत. फुटबॉलचा रेडर्स संघ परत यावा म्हणून १९९५-९६ मध्ये सेंटर फील्डमागे काँक्रीटची प्रचंड भिंत उठली, प्रेक्षकांच्या तोंडी 'माउंट डेव्हिस', आणि टेकड्या गेल्या. ते काम वेळेत झालं नाही म्हणून १९९६ चे पहिले सहा घरचे सामने एजना लास व्हेगसमध्ये खेळावे लागले. नाना ही गोष्ट नेहमी सांगत, तेव्हा ती नुसती आठवण होती. २०१३ मध्ये तर सांडपाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं. नवं स्टेडियम हवं, याबद्दल दुमत नव्हतं. कुठे, यावर मात्र आमचं पहिलं खरं भांडण झालं.

२००६ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं की नवं स्टेडियम फ्रीमॉंटमध्ये होणार. माझ्या गावात! मी नानांना फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "माझ्या बसमध्ये चढणारी पोरं तिथे कशी येणार?" मी म्हटलं, "मी सात वर्षं तिकडे येतेय ना?" आम्ही दोन महिने नीट बोललो नाही. २००९ मध्ये ती योजना बारगळली, तेव्हा मला वाईट वाटलं. पण नानांचा प्रश्न बरोबर होता हेही तोवर कळलं होतं. मी ज्या संघावर जीव लावला होता तो त्या शहराच्या अंगणात वाढलेला होता. रिकी हेंडरसन याच शहरात लहानाचा मोठा झाला आणि १९९१ मध्ये याच मैदानावर त्याने बेस चोरण्याचा विक्रम मोडला. अंगणासकट आवडलेली गोष्ट अंगण सोडून मागणं हा माझा लोभ होता.

पुढे सॅन होजेत स्टेडियम करायचा बेत झाला, तर त्या भागावरचा सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघाचा हक्क आडवा आला, मग ओकलंडच्याच बंदराकाठच्या जागेच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या. २०२२ च्या वसंतात मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन दोघेही दुसरीकडे गेले. त्या वर्षी संघ १०२ सामने हरला, पुढच्या वर्षी ११२. नाना म्हणाले, "आता एक डॉलरही देणार नाही." मी जातच राहिले. त्यांच्या मते माझं तिकीट मालकाच्या खिशात जात होतं. माझ्या मते रिकामी बाकं हाच मालकाचा पुरावा होता. कोणी येत नाही, म्हणून संघ हलवायचा! दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना.

ते मिटवलं १३ जून २०२३ ने. संघ जिथे न्यायचा बेत होता त्या लास व्हेगसच्या स्टेडियमला सरकारी पैसा द्यावा की नाही, हे नेवाडात त्याच आठवड्यात ठरत होतं. चाहत्यांनी बहिष्काराचा उलटा प्रकार योजला: एका मंगळवारी सगळ्यांनी एकदम यायचं. २७,७५९ माणसं आली. 'विका' एवढा एकच शब्द लिहिलेले हिरवे शर्ट गर्दीभर. नाना आले, काठी घेऊन. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला पहिल्या बॅटरपुरतं सगळं स्टेडियम गप्प झालं. अशी शांतता मी फक्त देवळात अनुभवली आहे. मग एकच आरोळी उठली, संघ विका. ज्यांनी वीस वर्षं खेळाडू, मालक, भिंत, नळ, सगळ्यावर एकमेकांशी वाद घातला होता, त्यांचं त्या रात्री एकमत होतं. लीगमधल्या सर्वांत दुबळ्या संघाने टॅम्पा बेला २-१ हरवलं, सलग सातवा विजय. तरी पैसा मंजूर झाला आणि नोव्हेंबरात बाकीच्या संघांच्या मालकांनीही या स्थलांतराला एकमताने संमती दिली.

हा संघ मुळात फिलाडेल्फियाचा. तिथे प्रतिस्पर्धी व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी त्याला पांढरा हत्ती म्हणून हिणवलं, तेव्हा कॉनी मॅक यांनी हत्तीच बोधचिन्ह म्हणून घेतला. १९५५ ला कॅन्सस सिटी, १९६८ ला ओकलंड. ओकलंडच्या ५७ वर्षांत चार जगज्जेतेपदं. फिरस्ता संघ पुन्हा फिरस्तीला लागला, असं कोणी म्हणेल. मीही गाव सोडून आले आहे, त्यामुळे जाण्याला मी नावं ठेवत नाही. पण मी निघाले तेव्हा वडिलांना सांगून, त्यांच्या डोळ्यांत बघून निघाले. इथे ज्यांनी हत्ती पोसला त्यांना कोणी विचारलं नाही.

वडील निवड समितीवर चिडायचे ते संघ आपला म्हणून. परक्याच्या चुकांची वही कोणी ठेवत नाही. कागदोपत्री संघ मालकाचा असतो. पण कोण कधी चुकलं, कोण कुणामुळे गेलं, कुठल्या संध्याकाळी ऊन कुठल्या बाकावर होतं, हे ज्यांना पाठ आहे त्यांचाही तो असतो. भांडायला हक्क लागतो आणि तो हक्क येऊनच मिळतो.

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार, दुपारचा सामना. नाना १९६८ मध्ये ओकलंडच्या पहिल्या घरच्या सामन्यालाही होते. "आले तेव्हा होतो, जाताना असायला हवं," म्हणाले. ४६,८८९ माणसं. पहिला मानाचा चेंडू रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट या गावच्याच दोघांनी टाकला. रिकी त्याच डिसेंबरात गेला. नवव्या इनिंगमध्ये टेक्ससविरुद्ध ३-२ आघाडी, दोन बाद, पिचर मेसन मिलर. चेंडू तिसऱ्या बेसकडे घरंगळला, मॅक्स शूमनने उचलला आणि पहिल्यावर फेकला.

मला डोळ्यांनी दिसत नव्हतं. नानांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि चौकोन भरला.

त्या पानावरची शेवटची नोंद ५-३ आहे. देवनागरीत, नानांच्या हातची.