तीन बॅगांची उसनवारी

‘बाई, तुमच्या देवाला सांगा की जरा पावसाचं.’ बेंबळीत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की पुढे पुढे उत्तर द्यायचं सोडून दिलं. त्यात थट्टा नसायची. २०१६चा उन्हाळा होता. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि आमच्याकडे टँकरसाठी घागरी रात्रीच रांगेला लागायच्या. तुळजाभवानीला नवस बोलून झाला होता, तेरला गोरोबाकाकांच्या पायावर डोकं ठेवून झालं होतं. मग शाळेतल्या बाईंचाच देव तेवढा का सोडायचा, असा साधा हिशेब.

मी नगरची. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ साली आलं, त्यामुळे ख्रिस्ती घर ही आमच्या भागात नवलाई नाही. रेव्हरंड टिळकांची गीतं टाळ-मृदंगावर ऐकतच वाढले. बेंबळीच्या जिल्हा परिषद शाळेत नेमणूक झाली आणि पहिल्यांदाच आसपास आपलं म्हणावं असं एकही ख्रिस्ती घर नाही, असं झालं. उपासनेसाठी सोलापूर गाठायचं तर रविवार मोडतो. मग भाड्याच्या खोलीतच शास्त्रवाचन, प्रार्थना, एखादं गीत. एकटीने गायलेलं गीत फार वेळ चालत नाही. भिंतीपलीकडून मालकीणकाकू विचारायच्या, ‘आज भजन लवकर आटोपलं का हो?’

विश्वासाने जगण्यावर लहानपणापासून पुष्कळ उपदेश आणि साक्षी ऐकल्या. बहुतेक साक्षींत पैसा अचानक येतो किंवा दुखणं अचानक जातं. खोट्या म्हणत नाही, पण माझं मन तिथे रमत नाही. आमच्या घरात नाव निघायचं ते जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं. लग्नाच्या दिवशीच दोघांनी खेड्यातल्या वंचितांसाठी आयुष्य द्यायचं ठरवलं आणि १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. पुढे दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी गावोगाव बोअर घेतले आणि जागा बघितल्या त्या दलित वस्त्यांतल्या. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने तिथे यायचं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो सगळ्यांना ठाऊक असतो. मला मात्र बोअरची जागा महत्त्वाची वाटते. विश्वास होता म्हणून त्यांनी पाण्याचा शोध घ्यायचं सोडलं नाही, आणि पाणी लागल्यावर ते कुणाच्या दारात असावं हे ठरवताना विश्वास बाजूला ठेवला नाही.

आमचे घरमालक अण्णा. मे अखेरीला एका संध्याकाळी अंगणात ओलं गोणपाट पसरून बसले होते. घरचंच सोयाबीन, दहा दाण्यांची एक ओळ अशा दहा ओळी. मग गोणपाट हलक्या हाताने गुंडाळून सावलीला ठेवलं. काकू रोज त्यावर पाणी शिंपडायच्या, तेही भांडी विसळलेलं, कारण चांगलं पाणी घशाला पुरत नव्हतं. पाच-सहा दिवसांनी उलगडलं. सत्तर कोंब आले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं, थोडे कमी आले तर प्रमाण वाढवायचं. इथे अर्धेसुद्धा नव्हते. मळणीयंत्राने सोयाबीनचं पातळ टरफल दुखावलं की दाणा वरून टवटवीत दिसतो आणि आतून गेलेला असतो. अण्णांनी न उगवलेले दाणे बोटाने चाचपले, दोन दाबून फोडून बघितले, आणि म्हणाले, ‘विकत घ्यावं लागतंय.’

दुकानदार उधारी द्यायला तयार नव्हता आणि सावकाराचं मागचंच राहिलं होतं. माझ्याकडे दशांशाचे बाजूला काढलेले पैसे होते. पगाराचा दहावा भाग मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, सुट्टीत नगरला गेले की भरायचा. तीन बॅगांपुरते होते. अडचण पैशाची नव्हतीच. ख्रिस्ती बाईने कुणाला पैसे दिले की गावात पुढचं वाक्य तयार असतं, आणि ते वाक्य अण्णांना ऐकावं लागलं असतं. दान शक्यच नव्हतं. मी काकूंना म्हटलं, ‘उसने घ्या. सोयाबीन निघालं की परत करा.’ अण्णा म्हणाले, ‘व्याज सांगा.’ व्याज नाही म्हटल्यावर ते जरा संशयानेच बघत राहिले. मग म्हणाले, ‘मग वहीत तरी लिहा.’ लिहिलं, सही झाली.

दशांश असा उसना देता येतो का, म्हणून आमच्या पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘देवाचे आहेत ना? मग देवाला कुठली घाई!’

पावसासाठी मी प्रार्थना केली का? केली. रोज केली, आणि काकूंनी विचारल्यावर त्यांच्यासमोर बसूनही केली. पण पाऊस आल्यावर ‘बघा, माझ्या देवाने दिला’ असं म्हणायची माझी छाती नाही. पाऊस आला तो सगळ्या मराठवाड्यावर आला. सप्टेंबरात तर नको इतका आला.

सोयाबीन निघालं, भाव मात्र पडले. अण्णांनी आडतीवर माल घातला, पट्टी हातात आली आणि ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. त्यांच्याकडे सगळ्या पाचशे-हजाराच्या नोटा. माझं बँकेत खातं, महिन्याला पगार. त्यांनी त्याच नोटा माझ्या हातावर ठेवल्या असत्या तरी मी भरू शकले असते, आणि तसं मी म्हटलंही. अण्णा ऐकेनात. ‘चांगलं दिलं, चांगलंच परत करायचं.’ स्वतःच्या नोटा स्वतःच्या खात्यात भरल्या, मग बँकेसमोर पुन्हा पुन्हा रांगेत उभे राहिले, मिळतील तसे पैसे काढले, आणि नाताळच्या सुट्टीआधी शंभराच्या नोटा मोजून दिल्या. वर पायलीभर तूर. वहीतली ओळ स्वतः खोडली.

ते पैसे मी नगरला मंडळीत भरले. आजवर ऐकलेल्या सगळ्या साक्षींत मला ही शंभराच्या नोटांची साक्ष सगळ्यांत खरी वाटते, आणि ती देणारा माणूस वारकरी आहे.