चुलीपुढचे वाचन

॥ श्री ॥

ईट, ता. भूम, जि. धाराशिव

चि. छकुलीस आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. रोमन अक्षरांत लिहिलेले तुझे मराठी वाचताना माझी फार ओढाताण होते, आणि त्याविषयी पुढे मला काही बोलायचेच आहे. परंतु त्यातला प्रश्न वाचून मी तो दिवसभर मनात घोळवीत राहिलो. तू स्वयंपाकाला उभी राहिलीस की कुणीतरी जवळ बसून मोठ्याने काहीतरी वाचावे असा तुझा हट्ट असतो, तो कशासाठी, असे एडिंबऱ्यातल्या तुझ्या सोबतिणीने विचारले आणि तुला उत्तर सुचले नाही. आपल्या घरात असेच करतात, एवढेच तू म्हणालीस. ते खरे आहे. पण आपल्या घरात तरी असे का करतात, हे आजवर मला कुणीच विचारले नव्हते, तुझ्या बापानेही नाही.

त्याचे मूळ कारण घासलेट.

निजामाच्या अमलात आणि त्यातही महायुद्धाच्या काळात घासलेट नियंत्रणाचे झाले होते, आणि आपल्यासारख्या बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावात ते येई तेव्हा येई. घरात कंदील एकच, आणि तो जिथे चूल पेटलेली असेल तिथे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलेला असे. ज्याला संध्याकाळनंतर अक्षर पाहायचे असेल त्याने चुलीपुढे येऊन बसावे, दुसरा उपाय नव्हता. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते पुस्तक घेऊन तिथे बसू लागले. आणि स्वयंपाकघरात पुरुषमाणूस मुक्याने पुस्तकात डोके घालून बसला आहे हे मोठ्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, मुळीच मानवले नाही. ती म्हणाली, "उजेड आमचा अन् मजा तुझी एकट्याची? मोठ्यानं वाच की रं!" तेव्हापासून अण्णा मोठ्याने वाचू लागले. हे रझाकारांच्या दंगलीच्या आधीचे की पोलीस ॲक्शनच्या नंतरचे, ते मला निश्चित सांगता येणार नाही. १९४८च्या सप्टेंबरात निजामी संपली तेव्हा मी फार लहान होतो, आणि त्या वयातल्या सगळ्या संध्याकाळी माझ्या मनात एकाच कंदिलाखाली गोळा झालेल्या आहेत.

आता तुला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण तुमच्या पिढीला ती कुणी सांगत नाही. त्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शाळेची भाषा उर्दू, आणि १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषाही उर्दूच. अण्णांना उर्दू उत्तम येत असे. गावातल्या लोकांच्या दरखास्ती, तगाईचे अर्ज, फेरफाराच्या तक्रारी ते दिवसभर लिहून देत, आणि त्या लिहिण्यावर घरात मीठ-मिरची येई. मराठी वाचून मात्र कुणाला नोकरी लागत नव्हती, बढती मिळत नव्हती, दरबारात कुणी विचारीत नव्हते. मराठी वाचावयाचे ते केवळ गोड वाटते म्हणून. आणि अण्णा दिवसाची दौत-लेखणी बाजूला सारून संध्याकाळी मराठी पुस्तक हाती धरीत, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जी निवांत प्रसन्नता येई, ती मी पुढे शेकडो पदवीधर पाहिले त्यांच्या मुद्रेवर क्वचितच पाहिली.

पुस्तके येत ती बार्शीहून. बार्शी इंग्रजी मुलखात होती. कुर्डुवाडीहून तिथे १८९७ साली लहान रूळांची रेल्वे आली आणि १९११पर्यंत ती लातुरास पोचली, त्यामुळे आमच्या सगळ्या टापूचा करडईचा, ज्वारीचा आणि डाळीचा व्यापार बार्शीच्या पेठेकडे वळलेला होता. अण्णा सुगीनंतर गाडी भरून बार्शीला जात आणि येताना मीठ, कापड, एखादे पितळी भांडे आणि पुस्तके घेऊन येत. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका असे. तिथे सगळा माल उघडून दाखवावा लागे. आपल्याकडे चाले हाली सिक्का आणि बार्शीत लागे कलदार रुपया, म्हणून पुस्तकासाठी कलदार वेगळे बांधून ठेवण्याची त्यांची एक लहानशी पुरचुंडी होती. मोठ्या आईच्या आग्रहाने पहिल्यांदा श्रीधरस्वामींच्या पोथ्या आल्या, 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप'. मग हरिभाऊ आपटे, नाथमाधव. आणि एका वर्षी साने गुरुजींची 'श्यामची आई', जी मुळात नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली गेली आणि १९३५ साली छापून निघाली, पण आमच्या चुलीपर्यंत यायला तिला बरीच वर्षे लागली.

आणि इथे मला भाकरीविषयी सांगितले पाहिजे.

ज्वारीची भाकरी थापताना काटवटीत जो आवाज होतो, तो तू ऐकलेला आहेस, पण त्या आवाजात वाचणाऱ्याचा शब्द बुडून जातो हे तुझ्या लक्षात आले नसेल, कारण तुझी आई ओट्यावर पोळपाटावर लाटते. आमच्याकडे आई थापीत असे. ती थापू लागली की अण्णा थांबत. भाकरी तव्यावर पडली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरला, की पुन्हा सुरू करीत. ती परतली, तव्यावरून उतरून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी राहिली आणि फुगली, तोवर वाचन चाले. आणि पुढच्या गोळ्यावर हात पडला की पुन्हा विराम. अशा रीतीने हरिभाऊ आपट्यांची कादंबरी भाकरीएवढ्या तुकड्यांत आमच्या कानी पडली. कुठे थांबावे हे अण्णांना इतके उमजले होते की, नेमका दरवाजा उघडण्याच्या क्षणी, नेमकी तलवार उपसली जाण्याच्या क्षणी ते गप्प होत, आणि आम्ही पोरे आईच्या हातांकडे टक लावून बसत असू की, ही भाकरी एकदाची तव्यावर केव्हा जाते. वैलावर हुलग्याचे शेंगोळे रटरटत असत, लसणाचा आणि काळ्या मसाल्याचा वास घरभर झालेला असे, पोटात भूक असे, आणि तरीही जेवण थोडे उशिरा व्हावे असे वाटे.

'श्यामची आई'चा शेवट आला त्या संध्याकाळी काय झाले ते मी विसरणार नाही. त्या माउलीचे अखेरचे दिवस जवळ आले हे आईने ओळखले होते. अण्णा पान उलटून वाट पाहत होते, आणि आई थापीतच राहिली. भाकरी नेहमीएवढी झाली, तरी ती थापीत राहिली. पीठ भुरभुरवीत, कडेने फिरवीत, थापीत राहिली. कारण जोवर हात चालू आहे तोवर अण्णा पुढे वाचणार नाहीत, आणि अण्णांनी पुढे वाचले नाही तोवर श्यामची आई जिवंत आहे. शेवटी ती भाकरी एवढी मोठी आणि एवढी पातळ झाली की उचलताना मधोमध दुभंगली. मोठी आई काही बोलली नाही. तिने ते दोन तुकडे तव्यावर जुळवून टाकले आणि अण्णांना खुणेनेच सांगितले, वाच. त्या रात्री कोरड्यास काय होते ते मला आठवत नाही, साल तर आठवतच नाही. पण त्या भाकरीची मधली भेग आजही दिसते.

साल निश्चित आठवते ते १९५५. त्या भाद्रपदात आचार्य शांतिसागर महाराजांनी आपल्याच तालुक्यातल्या कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन देह ठेवला, आणि दर्शनाला जाणाऱ्यांची एवढी रीघ लागली होती की आमच्या गावाच्या विहिरींवर अनोळखी माणसे पाणी पीत बसलेली असत. त्याच वर्षी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' निघाली. एका ओसाड वाडीवरच्या पोरसवदा मास्तराची ती गोष्ट मला काही काळाने मिळाली, आणि चुलीपुढे ती वाचताना, कारण तोवर वाचणारा मी झालो होतो, मी मनाशी ठरवले की आपण मास्तरच व्हायचे. झालो तो असा. पुढे १९७२चा दुष्काळ पडला, शेत उजाड, रस्त्याच्या कामांवर अर्धे गाव, मुलांना सुकडी वाटली जाई, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळे, जिच्या भाकरीला ना आपल्या मालदांडीचा पांढरेपणा ना गोडी. त्या दिवसांत मी पुन्हा 'बनगरवाडी' काढली, तर आईने हात आडवा धरला. "ते नगं. त्यातला दुष्काळ भाईर दिसतुया. हसायचं वाच." मग आम्ही चि. वि. जोशांचा चिमणराव वाचला, आणि मिलोच्या भाकरीसमोर बसून आई पदर तोंडाला लावून हसली. वाचनाचा उपयोग काय, असे मला कुणी विचारले की मला ते हसणे आठवते, आणि वादात पडावेसे वाटत नाही.

वीज आली तेव्हा खोलीखोलीत दिवा झाला आणि प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात जावे असे होते. तरी आपले घर चुलीपुढेच जमत राहिले, कारण तुझी आजी या घरात आली होती. १९७०मध्ये निघालेली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' तिला माहेरहून मिळाली. त्यात वाटी-चमच्याची मापे, सगळे कसे नीटस. तुझी आजी ती कादंबरीसारखी वाची; आणि तिला हसू नकोस, कारण मीही तो आनंद घेतलेला आहे, ती पिठले घोटीत असायची आणि मी तिला त्यातले श्रीखंड, बासुंदी, कसलेकसले पुलाव वाचून दाखवायचा, आणि आम्ही मग करडईच्या तेलात भिजवलेली कारळ्याची चटणी आणि पिठले-भाकरी पोटभर जेवायचो. ते पदार्थ केले पाहिजेत असे तिला कधी वाटले नाही. ऐकण्यातच तिचे समाधान होते, आणि पानात जे होते ते तिला पुरे होते.

आज गावात मुले वाचतात, नाही असे नाही. भूमला, धाराशिवला अभ्यासिका आहेत आणि त्यांत मुले पहाटेपासून बसलेली असतात. पण वाचतात ते परीक्षेचे, प्रश्नसंचांचे, एका जागेसाठी हजारांनी. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण त्यांतला एखादा मुलगा माझ्याकडे येतो आणि मी त्याला 'फास्टर फेणे' पुढे करतो, तेव्हा तो आधी विचारतो, "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?" बाळ, तेव्हा मला फार वाईट वाटते. मराठीला दरबारात थारा नव्हता तेव्हा ती लोकांनी चुलीपुढे नुसत्या हौसेने वाचली, आणि आज ती राज्याची भाषा झाल्यावर तिच्याकडे हौसेने कुणी येत नाही, हे मी कोणाला सांगू?

म्हणून तुला सांगतो. तू तिथे कुणालातरी वाचायला बसवतेस, हे ऐकून मला किती बरे वाटले ते तुला कळणार नाही. ती सोबतीण इंग्रजी वाचत असेल. वाचू दे, त्यात काही वावगे नाही, चिमणराव तिला कुठून येणार. पण आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तू मराठी वाच, तिला अर्थ सांगत वाच, आणि भाकरी तिला थापू दे. तुझी देवनागरी सुटत चालली आहे अशी मला भीती वाटते. लंडनला १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळ आहे, म्हणजे 'श्यामची आई' छापून येण्याच्याही आधीपासून विलायतेत मराठी माणसे जमत आली आहेत. एकदा चौकशी कर. भाकरी मोडते असे तू म्हणालीस, त्याचे कारण तुझा हात नव्हे, पीठ आहे. दुकानातले पीठ दळून फार दिवस झालेले असते, त्याला चिकटपणा राहत नाही. आधणाचे पाणी घालून थोडा वेळ झाकून ठेव, मग तळहाताने रगडून मळ. डिसेंबरात तिकडे चार वाजताच अंधारते म्हणतेस, तेव्हा उपाशी अभ्यासाला बसू नकोस, पातळ पिठले तरी कर. आणि पानांवर हळद पडली तर पुसत बसू नकोस, आमच्या 'रुचिरे'चे एकही पान कोरे राहिलेले नाही.

पुढच्या आठवड्यात पार्सल करतो आहे. तुझ्या आईने येसर आणि जवसाची चटणी करून ठेवली आहे, आणि मी चिमणरावाची एक प्रत आणि 'बनगरवाडी' काढून ठेवली आहे. टपालाचा आकार वजनावर असल्यामुळे सगळे एकदम जाणार नाही. तेव्हा येसर अर्धाच पाठवावा असे मी ठरवले आहे, तुझ्या आईला ते पसंत नाही, पण तू तिला तसे सांग. दोन्ही पुस्तके हवीत की एक, तेवढे उलट टपाली कळव, आणि देवनागरीत कळव.

कळावे, लोभ आहेच तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा,
आजोबा