मस्तकातील गाठ : भाच्यास पत्र

नागपूर,
वैशाख शुद्ध दशमी

चि. भाऊ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

ताईच्या मस्तकाच्या तपासणीचा अहवाल व तुझे पत्र पोहोचले. पडल्याचे निमित्त होऊन केलेल्या तपासणीत अवचित गाठ निघावी, आणि शेत विकून शस्त्रक्रिया उरकून घेण्याचा सल्ला अहेरीत जो तो देऊ लागावा, यात तुझ्या जिवाची केवढी घालमेल झाली असेल हे मी जाणतो. परंतु गाठ आहे एवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नसतो, तो ती कोणत्या प्रकारची, कोठे बसलेली, किती वेगाने वाढणारी आणि भोवतालच्या मेंदूस काय पीडा देणारी आहे यावरून होतो, हे प्रथम मनाशी पक्के कर.

अहवालातला मेनिंजिओमा मेंदूवरील आवरणातून उगवतो. स्त्रियांत तो अधिक आढळतो व बहुधा सौम्य असतो; आणि ताईची गाठ जशी दीड सेंटिमीटरची, चुना साचलेली, भोवती सूज नसलेली व काहीच त्रास न देणारी आहे, तशा गाठी कित्येकदा वर्षानुवर्षे वाढत नाहीत. काही महिन्यांनी, व पुढे वर्षाच्या मुदतीने, फेरतपासणी करीत राहणे हाच अशा गाठीवरील शास्त्रसंमत उपचार होय. खुद्द मेंदूच्या द्रव्यात पसरणाऱ्या ग्लायोमाची कैफियत निराळी : तेथे रुग्णाची वाचा व हालचाल सांभाळून शक्य तितकी गाठ काढावी, तिचा तुकडा तपासून प्रकार ठरवावा आणि नंतर बहुधा किरणोपचार व औषधे द्यावीत, असा क्रम असतो. उलट पिट्यूटरी ग्रंथीतील प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गाठी बहुशः गोळ्यांनीच आकसतात. आणि आपल्या मुलखात विसरून चालणार नाही अशी गोष्ट ही की, फिट आलेल्या माणसाच्या मेंदूत दिसणारा गोळा पुष्कळदा क्षयाचा, किंवा फीतकृमीची अंडी पोटात जाऊन झालेल्या कोशाचा असतो, व त्यावर पहिला इलाज औषधांचाच. अशा रुग्णास पुजाऱ्याकडे बसवून ठेवल्याने जो काळ वाया जातो, त्याचे मला फार दुःख होते.

घाई केव्हा, तेही सांगतो. कवटीत वाढीव जागा नाही. म्हणून पहाटे उठवणारी डोकेदुखी, वरचेवर उलटी, अंधुक होत जाणारी दृष्टी, एका अंगाची ओसरणारी शक्ती व झापड ही लक्षणे आत दाब वाढल्याची असू शकतात, आणि मेंदूतील पाण्याची वाट गाठीने अडली असेल तर तासांचा हिशेब करावा लागतो.

येथेच आपल्या गडचिरोली जिल्ह्याचा प्रश्न येतो. हेमलकशास लोकबिरादरीचा दवाखाना आहे, शोधग्रामात माँ दंतेश्वरी रुग्णालय आहे, आणि या दोन्ही ठिकाणी रुग्णाची कळकळीने वास्तपुस्त होते. तरी मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की दक्षिणेकडचा रुग्ण आजही बहुधा नागपूरचीच वाट धरतो, आणि पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा मार्गच खुंटतो. ‘थांबा व पाहा’ या सल्ल्यात त्रास होताच रुग्ण परत येऊ शकेल हे गृहीत असते. पाण्याची ती वाट अडवू शकणारी लहान मेंदूतील गाठ घेऊन भामरागडच्या पलीकडे राहणाऱ्या माडिया शेतकऱ्यास आषाढाच्या तोंडावर घरी धाडण्यापूर्वी मी दहा वेळा विचार करीन, मग ती गाठ आज कितीही लहान असो. ताईच्या बाबतीत तशी भीती मला दिसत नाही.

तेव्हा शेताचा सौदा तहकूब ठेव. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची तजवीज आहे; २०१२ साली ती पूर्वीच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. आश्विनात रस्ते मोकळे झाले की ताईस घेऊन ये, आणि नुसता अहवाल न आणता सर्व चित्रे, त्यांची सीडी व शिधापत्रिका बरोबर आण. मधल्या काळात वर लिहिलेले एकही लक्षण दिसले, अथवा फिट आली, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता तिला घेऊन नीघ.

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझा,
मामा