मेथीचा वास आणि गुणी बाळ

बाळंतिणीच्या खोलीला एक वास असतो. धुरी, तेल, डिंकाचे लाडू आणि या सगळ्यांवर मात करणारी मेथी! मला तो वास फार आवडतो. म्हणूनच मेपल सिरप युरिन डिसीजबद्दल वाचताना दचकायला झालं.

१९५४ साली जॉन मेन्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका कुटुंबाची हकीकत मांडली. त्या घरातली चार बाळं तीन महिन्यांची व्हायच्या आतच गेली होती. त्यांच्या लघवीला मेपलच्या पाकासारखा वास यायचा. आता मेपलचा पाक आपल्यापैकी कितीजणांनी हुंगलाय? पण या पाकाच्या आणि मेथीच्या वासामागे एकच द्रव्य आहे, सोटोलोन. या बाळांच्या लघवीतही तेच असतं. म्हणजे आपल्याकडची आजी म्हणणार, 'दुपट्याला मेथीचा वास येतोय.' आणि पुढे म्हणणार, 'येणारच, आई लाडू खातेय ना!'

गंमत म्हणजे आजीचं बहुतेक वेळा बरोबरच असतं. आईने मेथी घेतली म्हणून निरोगी बाळावर या आजाराचा संशय आल्याच्या नोंदी आहेत. मग ओळखायचं कसं?

वासासोबत बाळाकडे बघायचं. आजार असलेलं बाळ जन्मतः अगदी छान दिसतं. प्रथिनांतल्या ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन या तीन घटकांचं पचन पुढे नेणारी यंत्रणा त्याच्या शरीरात नीट चालत नाही. ती आईच्या दुधातूनही येतात आणि साठत जातात. ल्यूसिन मेंदूला घातक ठरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेनासं होतं, किरकिरतं, मग सुस्तावतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कधी लुळं पडतं, कधी धनुष्यासारखं ताठतं, सायकल चालवल्यासारखे पाय हलवतं, श्वास मध्येच थांबतो. उपचार झाले नाहीत तर आठवडा-दहा दिवसांत बेशुद्धी.

मला सगळ्यात जास्त भीती त्या सुस्तीची वाटते. कारण आपण तिचं कौतुक करतो! 'किती गुणी बाळ आहे, त्रासच देत नाही, नुसतं झोपतं.' भुकेलाही न उठणारं बाळ गुणी नसतं हो. ते त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं. लक्षणं जंतुसंसर्गासारखीच दिसतात, म्हणून वासाची गोष्ट आणि घरात आधी एखादं तान्हं बाळ गेलं असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगायचं. जुनं दुःख उकरून काढायला नको म्हणून नेमकं तेच झाकलं जातं.

आई-वडील दोघंही ठणठणीत असून सदोष जनुकाचे वाहक असू शकतात. तसे असले तर प्रत्येक खेपेला आजाराची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत ही गाठ पडायची शक्यता वाढते. यात कुणाच्याही 'पायगुणाचा' संबंध नाही, हे सुनेला दोष देणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

रक्तातल्या अमिनो आम्लांच्या तपासणीतून निदान होतं. वेळेत कळलं तर खास दूध, मोजून प्रथिनं, प्रसंगी डायलिसिस किंवा यकृतरोपण असे उपाय आहेत. आपल्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातही या आजाराचं नाव आहे. पण देशभरातल्या प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होत नाही. तोवर पहिली तपासणी घरातल्या बायकांच्या नाकाने आणि डोळ्यांनीच व्हायची आहे.

लाडू खुशाल खा. फक्त बाळ दूध कसं ओढतंय, त्यावर लक्ष असू द्या.