तंजावरच्या कोटात

परमुलखात एकट्याने आणि बेताच्या पैशांत उतरणाऱ्या माणसाला पहिले दर्शन घडते ते देवळाचे किंवा राजवाड्याचे नव्हे, तर लॉजच्या गल्ल्याचे. आणि तंजावरच्या रेल्वे स्थानकाजवळील एका लॉजच्या कारभाऱ्याने माझे नाव, गाव, येण्याचे प्रयोजन व ‘बरोबर कोणी नाही?’ अशी जी क्रमवार चौकशी आरंभली, ती एखाद्या जुन्या नाक्यावरच्या जकातदाराला शोभली असती. खोली मिळाली, तिच्यात खिडकी होती, आणि त्या भाड्यात याहून अधिक अपेक्षा करणे हा लोभ झाला असता.

भाषेचा आधार मात्र मुळीच नव्हता. जवळजवळ पावणेदोनशे वर्षे मराठी राजांचे वास्तव्य घडलेल्या या नगरात मराठी चालेल, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडील पुष्कळांची असते. ती पहिल्याच चौकात गळून पडते. तेथे उपयोगी पडतात ती बोटे, काही इंग्रजी आकडे आणि शेजाऱ्याच्या पानाकडे पाहण्याची सवय. मेसमध्ये केळीचे पान मांडून त्यावर आपण स्वतः पाणी शिंपडायचे, सांबारानंतर रस्सम येण्यापूर्वी भाताला आळे करून ठेवायचे, नाहीतर वाढप्याचा हात थांबत नाही आणि रस्सम पानाच्या कडेवरून थेट मांडीवर उतरते, हे सारे मी समोरच्या एका वयस्क गृहस्थांकडे पाहून शिकलो. त्यांनीही माझे शिकणे पाहिले असावे, कारण उठताना त्यांनी पान कोणत्या बाजूने मिटायचे ते मला सावकाश करून दाखवले.

दिशांचा प्रश्न राजराज चोळाने सहस्र वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या बृहदीश्वराचे दोनशे फुटांहून उंच पाषाणी विमान शहराच्या बऱ्याच भागांतून दिसते, आणि त्याला कोणत्या अंगाला ठेवायचे एवढे ध्यानी धरले की रिक्षाचे पैसे वाचतात. प्रशस्त प्रांगणात मात्र दुपारी अनवाणी चालणे हे धैर्याचे काम आहे. मी सावलीसाठी नैर्ऋत्येकडील ओवरीत शिरलो, आणि तेथील भिंतीवर चक्क देवनागरी अक्षरे दिसली.

हाच तो १८०३ चा भोसले वंशाचा शिलालेख, बाबूराव चिटणिसांनी रचलेला. ओळींमागून ओळी दाटीने कोरलेल्या. बोट धरून वाचू लागावे तर मान अवघडते. त्याची लांबी सर्वजण सांगतात, परंतु त्याचा काळ मला अधिक बोलका वाटतो. तंजावरच्या आधीच्या नायक राजांच्या वारसाला गादीवर बसवण्यासाठी आदिलशाहीच्या हुकुमाने आलेले व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. पुढच्याच वर्षी थोरले बंधू शिवाजीमहाराज पित्याच्या दौलतीतील निम्मा हिस्सा मागण्यासाठी कोल्लिडमच्या तीरी तिरुमळवाडीस येऊन ठाकले, तेव्हा भेटीगाठी होऊनही धाकट्यांनी रातोरात नदी ओलांडली, असे बखरकार सांगतात. हे घराणे येथे उपरे होते, आणि ते उपरेपण त्यांनी शहाणपणाने जिरवले: वाडा नायकांचाच ठेवून वाढवला, आणि व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तर तेलुगूतही नाटके रचली. मग १७९९ चा तह झाला. सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार कंपनी सरकारच्या स्वाधीन केला आणि त्यांच्याकडे उरला तो तंजावरचा कोट, सालीना एक लाख होन व वसुलाचा पाचवा हिस्सा. म्हणजे दप्तर, ठाणी, अंमल हे सर्व हातचे गेल्यावर चारच वर्षांत या राजाने आपल्या कुळाचा वृत्तांत दगडावर कोरवला, आणि तोही त्या भाषेत, जी भोवतालच्या प्रजेतील थोड्यांनाच वाचता येत होती. हा विजयस्तंभ नव्हे. ही मला एखाद्या दाव्यात दाखल केलेली कैफियत वाटते, फक्त न्यायाधीश कोण हे तीत लिहिलेले नाही.

तसा दावा पुढे खरोखरच उभा राहिला. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थानाबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली, तेव्हा राणी कामाक्षीबाई न्यायालयाची पायरी चढल्या. मद्रासेत निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे सार्वभौम सत्तेचे कृत्य असून त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असे ठरवले. कायदेपंडित आजही या खटल्याचा आधार देतात. वाड्यात हिंडणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाही.

दुसरे दिवशी त्याच वाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. जर्मन पाद्री श्वार्ट्झच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजींनी हस्तलिखितांचा हा संग्रह वाढवण्याचा जो ध्यास घेतला, तो काशीयात्रेतही सुटला नाही. राज्य नसलेल्या राजाने याहून चांगला उद्योग कोणता करावा? हा संग्रह १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला, म्हणून माझ्यासारख्या बेताच्या खिशाच्या माणसालाही संग्रहालयाच्या दालनात ताडपत्रांसमोर हवा तितका वेळ उभे राहता येते. मोडी कागदांची गोष्ट वेगळी. ते हाती घ्यायचे तर परवानगी काढावी लागते, आणि परवानगीपूर्वी मोडी यावी लागते. माझ्यापाशी दोन्ही नव्हते, तेव्हा मी तिरुवैयारूची बस गाठली.